काचेवरची गोडसर वाफ

"हात लावू नका त्याला!"

मी स्कूटर अजून नीट थांबवलीही नव्हती. चढाच्या वळणावर एक जुनी, लहानशी पांढरी गाडी बॉनेट उघडून उभी होती. आतून वाफेचे लोट निघत होते आणि एक उंच माणूस हाताला रुमाल गुंडाळून रेडिएटरचं झाकण फिरवायच्या बेतात होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, ओळख असल्यासारखा हसला... आणि पुन्हा हात पुढे नेला.

मी धावत जाऊन त्या हातावर सपकन चापट मारली.

"अहो!" तो दचकून मागे सरकला. "ओळख ना पाळख, एकदम मारामारी?"

"उकळतं पाणी तोंडावर उडालं असतं ना, तर आरशानेसुद्धा ओळखलं नसतं तुम्हाला!"

"तुम्ही...?"

"मिस्त्री. हा चढ संपतो तिथलं गॅरेज आमचं. मिस्त्रीण म्हणा हवं तर, सगळे म्हणतातच."

"मी गुरांचा डॉक्टर," तो हात चोळत म्हणाला. "लाथा खायची सवय आहे मला. चापट पहिल्यांदाच."

मला हसू आलं होतं. ते मी गिळलं, कारण मी रागावलेली होते आणि रागावलेली असताना मधेच हसलं की सगळी मेहनत वाया जाते.

"काटा लाल रेघेवर गेला तेव्हा थांबला का नाहीत?"

"गेला होता. पण मग आपोआप खाली आला. मला वाटलं, निवली बिचारी."

"निवली नाही, कोरडी पडली! तो काटा पाण्याचं तापमान सांगतो. आत पाणीच उरलं नाही तर काय सांगणार, कपाळ?" मी बॉनेटवर बोट आपटलं. "यापुढे काटा वर गेला की जागच्या जागी इंजिन बंद. मागून कोणी कितीही हॉर्न वाजवो, घरी पाहुणे येवोत, जग बुडो. कळलं?"

"कळलं, मिस्त्रीणबाई," तो गंभीरपणे म्हणाला. त्याचे डोळे मात्र अजिबात गंभीर नव्हते.

वाटेवरच्या एका टेम्पोला दोर बांधून गाडी ओढत आमच्या गॅरेजात आणली. बाबा दाराजवळच्या स्टुलावर बसले होते. दोन वर्षांपूर्वी पाठ गेल्यापासून ते तिथूनच काम करतात, म्हणजे मी काम करते आणि ते बघतात. इंजिन निवल्यावर मी आत वाकले आणि दोन मिनिटांत मला हवं ते दिसलं. रेडिएटरच्या वरच्या रबरी होजची क्लिप सैल होती आणि तिच्याखाली वाळलेल्या कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची, हिरवी-पांढरी खपली धरली होती.

"ही बघा तुमची गळती!" मी विजयी सुरात म्हटलं.

क्लिप बदलली, झाकण बदललं, कूलंट भरलं. मग रेडिएटरच्या तोंडावर हातपंप बसवून आत दाब दिला. आत कुठे गळत असेल तर दाब उतरतो आणि पंपाचा काटा खाली येतो. पाच मिनिटं गेली, काटा हलला नाही.

"अजून थोडा वेळ राहू दे पंप," बाबा म्हणाले.

"गळती सापडलीय, बाबा."

"एक सापडलीय."

"मला कळतं!" मी गिऱ्हाइकासमोरच तडकले. डॉक्टर भिंतीवर टांगलेले टायर अगदी मन लावून मोजू लागला.

निघताना काच खाली करून तो म्हणाला, "पुन्हा भेटू."

"पुन्हा यायची वेळच येणार नाही."

"अरेरे..." तो इतक्या मनापासून म्हणाला, की माझे कान तापले.

चौथ्या दिवशी दुपारी एक ट्रॅक्टर ती गाडी ओढत घेऊन आला. शेजारून डॉक्टर चालत होता. बूट चिखलाने भरलेले, शर्टाच्या बाहीवर वाळलेलं रक्त. मी हातातलं फडकं तसंच धरून उभी राहिले.

"काय झालं?"

"तुमची न गळणारी गाडी गळली." त्याचा आवाज मी पहिल्यांदाच असा ऐकत होते, सपाट आणि थंड. "पहाटे फोन आला. गाय अडली होती, वासरू पायाळू. निम्म्या वाटेवर काटा वर गेला. तुम्ही सांगितलं होतंत ना, जग बुडो, इंजिन बंद करायचं? केलं मी बंद. तीन किलोमीटर धावत गेलो, हातात बॅग घेऊन."

"मग...?"

"गाय वाचली. तुमचं इंजिनही वाचलं. वासरू गेलं. दहा मिनिटं, मिस्त्रीणबाई. दहाच मिनिटं उशीर झाला."

मला काहीतरी बोलायचं होतं. जुन्या गाड्यांचं असंच असतं, असं काहीतरी. पण बाबांकडे नजर गेली. ते मला एक शब्दही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं.

मी हातपंप काढला. रेडिएटर भरून दाब दिला आणि या वेळी घड्याळ लावून समोर बसले. वीस मिनिटं काटा जागेवर होता. पंचविसाव्या मिनिटाला किंचित हलला. तासाभरात चांगला खाली आला. म्हणजे त्या दिवशीही तो खाली आला असता, मी बघायला थांबले असते तर!

इतका संताप मला कुणाचाच आला नव्हता, जितका त्या क्षणी स्वतःचा आला.

टॉर्च घेऊन मी गाडीखाली शिरले. थेंबही नाही. पाण्याचा पंप कोरडा, सगळे होज कोरडे. ऑइलची कांडी काढून पाहिली, तेल स्वच्छ होतं. दुधाळ झालं असतं तर पाणी इंजिनात शिरतंय हे कळलं असतं. इंजिन थोडा वेळ चालवून पाहिलं, तर रेडिएटरमध्ये बुडबुडे नाहीत, मागून पांढरा धूर नाही. मग पाणी जातंय कुठे?

डॉक्टर कोपऱ्यातल्या खोक्यावर बसून होता. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"सांगा. सगळं सांगा. गाडी कशी वागते, कधी वागते, काय काय होतं."

"आज विचारताय?"

"हो, आज विचारतेय! ओरडा हवं तर, पण सांगा."

त्याने एक सुस्कारा टाकला. "पहाटे थंडी असते, म्हणून हीटर लावतो. मग समोरची काच आतून धुरकट होते. पुसली तरी चिकट राहते. वास येतो... गोडसर. औषधाच्या सिरपसारखा."

"आणि डावीकडे खाली? पायाशी?"

"तिथली चटई ओली असते. पण तिथे माझी सलाइनची खोकी असतात, एखादी बाटली फुटली असेल म्हणून..."

पुढचं मी ऐकलंच नाही. दार उघडून चटई उचलली, खालच्या गालिच्यात बोटं खुपसली. बोटं हिरवी, बुळबुळीत होऊन बाहेर आली. वास गोडसर, कूलंटचाच.

"हीटर!" मी ओरडले. "डॅशबोर्डच्या आत हीटरची छोटी जाळी असते, इंजिनाचं गरम पाणी तिच्यातून फिरतं. ती फुटलीय. पाणी रस्त्यावर नाही, तुमच्या खोक्यांखाली गळतंय! आणि हे तुम्ही पहिल्या दिवशी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

"तुमचे पेशंट बोलत नाहीत म्हणून तुम्हीही बोलायचं नाही?"

"माझे पेशंट बोलत नाहीत," तो उठून उभा राहिला, "म्हणून मी त्यांच्या मालकाला आधी अर्धा तास प्रश्न विचारतो. मग हात लावतो!"

आम्ही दोघं एकमेकांसमोर धापा टाकत उभे होतो. त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं आणि म्हणूनच ते सहन होत नव्हतं.

"अगं, आधी हीटरला जाणारे दोन्ही होज एकमेकांना जोड," बाबा शांतपणे म्हणाले. "हीटर बाजूला पडेल, गाडी आजच चालेल. त्याच्या फेऱ्या थांबायला नकोत."

"हो, बाबा," मी म्हटलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच एका दमात.

पाइप जोडला. पंप लावून दीड तास बसले, काटा जागचा हलला नाही. पुढच्या आठवड्यात दोन दिवस राबून अख्खा डॅशबोर्ड उतरवला आणि हीटरची नवी जाळी बसवली. डॉक्टर दोन्ही दिवस काम आटोपून यायचा, स्क्रू वाटीत गोळा करायचा, फारसं बोलायचा नाही. एकदा मी न बघता हात पुढे केला, तर नेमका हवा तोच पाना हातात आला. मी वर पाहिलं. त्याने नजर वळवली... पण अंमळ उशिरा.

गाडी तयार झाल्यावर मी म्हटलं, "चाचणीला मी चालवते. वासरू गेलं त्या गोठ्यावर जायचंय मला."

गोठ्याची मालकीण, साठीची बाई, शेण ओढत होती.

"मावशी, गाडी मी दुरुस्त केली होती," मी म्हटलं. "घाई केली. चूक माझी आहे, डॉक्टरांची नाही."

तिने खराटा थांबवला. मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "चूक म्हणून मी आता काय करू, पोरी?" आणि पाठ फिरवून पुन्हा कामाला लागली. तेवढंच.

परतताना चढ लागला. काटा मधोमध होता आणि मला मात्र समोरचा रस्ता दिसेना. मी गाडी कडेला घेतली.

"तुम्ही यायलाच हवं होतं असं काही..." तो म्हणाला.

"गप्प बसा. मला तुमच्यासमोर रडायचं नाहीये."

"मी बाहेर बघतोय," तो म्हणाला आणि खरोखरच खिडकीकडे तोंड करून बसला. मी पोटभर रडले. तो एकदाही वळला नाही. फक्त एक धुतलेला रुमाल, न बघताच, माझ्या बाजूला सरकवला. त्या क्षणी मला कळलं, माझं काही खरं नाही.

त्यानंतर तीन आठवडे तो फिरकला नाही. गाडीचं इतकं नीट काम केल्याचा मला भयंकर राग आला.

आणि मग एका सकाळी तो चालत आला. घामाघूम.

"गाडी कुठंय?" मी विचारलं.

"घरी."

"बंद पडली?"

"ठणठणीत आहे. तोच घोटाळा झालाय. काही बिघडेल, मग जाऊ, असं म्हणत बसलो... काही बिघडेचना. शेवटी म्हटलं, गाडीशिवायच जावं."

"काम काय आहे?" मी शक्य तितक्या खाष्ट आवाजात विचारलं आणि आधीच घट्ट असलेला एक नट पान्याने पुन्हा आवळू लागले.

"तुम्ही मला आवडता. रागावता तेव्हाही. म्हणजे... जवळजवळ सतत." तो लाल झाला. "लग्नाचं म्हणतोय मी. घाई नाही. सवडीने सांगा."

"विचार करून सांगते," मी म्हटलं. गिऱ्हाइकाला उद्या या म्हणते, तशी.

"बरं," तो म्हणाला, मान हलवली आणि वळून चालू लागला. खरंच चालू लागला!

"गेला वाटतं तो," बाबा स्टुलावरून म्हणाले.

"जाऊ दे!"

"जाऊ दे तर जाऊ दे."

मी पाना फेकला आणि धावले. रस्त्यावर त्याला गाठून काळ्याकुट्ट हाताने त्याची बाही धरली.

"असं कोणी जातं का? जरा थांबायचं, थोडा आग्रह करायचा, काही रीतभात?"

"तुम्हीच म्हणालात, विचार करून..."

"झाला विचार!"

"आणि?"

"आणि काय आणि? हो!"

समोरच्या दुकानातल्या दोघांनी माना वर करून पाहिलं, इतक्या मोठ्याने मी ते म्हटलं. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरत गेलं.

"हसू नका. आणि ते अहो-जाहो बंद करा आता."

"बरं." तो जरा अडखळला. "तू... अजून रागावलीयस?"

"खूप," मी म्हटलं आणि बाही सोडली नाही.