जहाजामागची पाखरं

सुट्टीला निघायचं म्हटलं की घरात आधी भांडण होतं, मग बॅगा भरल्या जातात. असोद्याच्या हितेंद्रच्या घरात भांडायचंही त्राण उरलं नव्हतं. वर्षभरापूर्वी त्याची आठ वर्षांची जुई शेततळ्यात बुडाली. तळ्याला अंथरलेल्या काळ्या प्लास्टिकवरून धडधाकट गड्याचा पाय घसरतो, तिथं पोरीचं काय! तेव्हापासून त्याची बायको मयुरी जेवायची, झोपायची, पण घरात असून नसल्यासारखी. डॉक्टरांनी हवापालट सुचवला. हितेंद्रला दुकानातून कशीबशी तीन दिवसांची रजा मिळाली, आणि मयुरीनं वर्षात पहिल्यांदाच काही मागितलं. तिला समुद्रातलं बेट पाहायचं होतं.

म्हणून त्या दुपारी दोघं जळगावात स्वप्नीलच्या टूरच्या ऑफिसात बसले होते.

"तीनच दिवस असतील तर सरळ विमानानं जा, भाऊ," स्वप्नील म्हणाला. "क्रूझवर जेवण झकास, नाचगाणी, सगळं आहे. पण दोन रात्री पाण्यावरच जातात. जहाज खोल समुद्रात थांबतं, होडीतून बेटावर नेतात आणि चार तासांत परत आणतात. म्हणजे लग्नाला जाऊन मांडवातूनच परत येण्यासारखं."

"विमानाचंच करा," हितेंद्र म्हणाला.

"जहाजाचं करा," मयुरी म्हणाली.

स्वप्नील हसला. "नवरा-बायकोचं एकमत झालं तर आमचं दुकान कसं चालेल, वहिनी?"

मयुरी हसली नाही. "व्हिडिओत पाह्यलं म्या. जहाजामागं पाखरं येतात. विमानामागं कोठे येतात?"

ती पाखरं तिच्या डोक्यात कुठून आली, ते फक्त हितेंद्रलाच ठाऊक होतं.

जुईच्या दहाव्याच्या रात्री त्याच्या आईनं, बेबाबाईनं, पुढच्या खोलीत पीठ पसरून त्यावर कोंबड्या झाकायचं बांबूचं डालं उपडं घातलं होतं. गेलेला जीव कोणत्या जन्माला गेला, ते सकाळी पिठात उमटलेल्या पावलावरून कळतं, अशी घरची समजूत. पहाटे सगळे झोपेत असताना त्यानं डालं उचललं. पिठात एक लहान, ओलं पाऊल होतं. माणसाचं. बोटं दाराकडे नव्हती, आत घराकडे होती. त्यानं घाईघाईनं पीठ सारखं केलं आणि बोटानं पाखराच्या पायासारख्या तीन रेघा ओढल्या. "पाखरू झाली माही नात!" म्हणत बेबाबाई रडली. मयुरी मात्र रडली नाही. त्या दिवसापासून ती रोज गच्चीवर ज्वारी टाकायची. आणि हितेंद्रला रोज पहाटे उशाशी ओल लागायची, तळ्यातल्या प्लास्टिकचा कुबट वास यायचा. बोलायचं कुणाशी? पाप तर त्याचंच होतं.

"दादा..." मयुरी स्वप्नीलला विचारत होती, "रातच्याले कठड्यापाशी उभं राहू देतात ना? एकटीले?"

हितेंद्र खुर्ची मागे सारून उठला. "उद्या फोन करतो," म्हणाला आणि तिचा हात धरून बाहेर आला.

गावाच्या वाटेवर दोन्हीकडे केळीचे मळे उभे. वारा नव्हता, तरी पानं फडफडत होती. त्यानं गाडी कडेला घेतली. आज बोललो नाही तर बायकोही जाईल, हे त्याला स्वच्छ दिसत होतं.

"मयुरी, ते पाखराचं पाऊल नव्हतं. म्या काढलं ते... माह्या बोटानं."

"मले माहीत हाये. ज्वारी, जहाजामागची पाखरं, समदं निमित्त व्हतं."

"काय?"

"तुमच्या आंधी म्या डालं उचललं व्हतं." तिचा आवाज अगदी शांत होता. "तिचं पाऊल व्हतं. बोटं दाराकडं. चालली व्हती ती... म्या हाक मारली. म्हटलं, जुई, घरात ये."

जाणाऱ्याला हाक मारू नये, हे असोद्यात शेंबडं पोरही सांगेल.

"ती आली... पण तिले घरात करमत नई. पाणी मांगते रोज. म्या बोलावलं, आता मलेच तिले मोठ्या पाण्यात पोचवा लागंल."

"कुठंच जायचं नई आपल्याले!" हितेंद्र ओरडला. तिथंच उभ्यानं त्यानं स्वप्नीलला फोन लावला. विमान नको, जहाज नको, काहीच नको, म्हणाला. फोन ठेवल्यावर त्याला लहान मुलासारखं रडू आलं. मयुरीनं पदरानं त्याचे डोळे पुसले.

घरी पोचले तेव्हा ऊन कललं होतं. बेबाबाई आठ दिवसांपासून लेकीकडे पाचोऱ्याला गेली होती. दाराला सकाळचंच कुलूप होतं. ते काढलं आणि आतून तो कुबट वास अंगावर आला.

पुढच्या खोलीत, मधोमध, डालं उपडं होतं. तेच डालं. दहाव्यानंतर त्यानं ते स्वतः तापीत सोडलं होतं.

"नका उचलू..." मयुरी पुटपुटली. त्यानं उचललं.

पीठ पसरलेलं होतं. त्यात एक लहान पाऊल, ओलं. त्याला चिकटून दुसरं, मोठं, बाईमाणसाचं, अंगठ्याशेजारच्या बोटावर जोडव्याची गोल खूण. दोन्हींची बोटं दाराकडे होती.

मयुरीनं चप्पल काढली. मोठ्या पावलावर आपलं पाऊल अलगद ठेवलं. खूण जोडव्याखाली बरोबर बसली.

"जहाजाचंच करा," ती म्हणाली. कित्येक महिन्यांनी तिच्या चेहऱ्यावर हसू होतं.

हितेंद्र गुडघ्यांवर बसला. त्या पहाटेसारखंच सगळं पुसून टाकावं, पुन्हा तीन रेघा ओढाव्यात, म्हणून त्यानं हात पुढे केला. तो तसाच थांबला.

पिठाच्या कोपऱ्यात तीन रेघा आधीच ओढलेल्या होत्या. त्याचं बघून गिरवल्यासारख्या, ओल्या, वाकड्यातिकड्या, लहानशा बोटाच्या.