कोंबडीखालचं कापड

दिवा जरा जवळ घे. दुधी काच उजेडाला धरूनच बघायची असते, आणि मला सांगायचंय ते त्या काचेबद्दलच आहे.

त्या दुपारी मी आत्याच्या घरी गेले ती भांडी पुसून खोक्यांत भरायला. मोठ्या काकांनी तेवढ्यासाठीच बोलावलं होतं. "कॉलेज सोडून घरीच बसलीयस ना? मग ये, हात तरी हलव." आत्याला जाऊन महिना झाला होता. तिच्या आजारपणात एकदाही न फिरकलेले काका आता तिच्या कपाटाच्या किल्ल्या खुळखुळवत हिंडत होते. बाबा नेहमीसारखे गप्प. आमच्या घरात मोठ्यांनी चुकायचं आणि लहानांनी माफी मागायची, अशीच वाटणी आहे.

पण आत्यानं जाता जाता पाचर मारून ठेवली होती. तिच्या दुधासारख्या पांढऱ्या काचेच्या चाळीस भांड्यांत खरं जुनं एकच, बाकी नकला. ते ओळखेल त्याचा सगळा संग्रह. प्रत्येकाला एकच संधी. उत्तर बंद पाकिटात, वकीलबाईंकडे. त्या चार वाजता येणार होत्या.

काकांची निवड झालीच होती. तळाला कारखान्याचा शिक्का असलेली फुलदाणी.

"शिक्का आहे म्हणजे अस्सल. त्यात काय एवढं?"

"काका, जुने साचे विकले जातात. त्यात नवी काच ओतली की शिक्कापण उमटतो."

"आली दीडशहाणी! नापास झालेल्यांनी मला शिकवू नये."

"नापास नाही झाले. सोडलं."

मी आतल्या खोलीत गेले. काच तपासायला अंधार हवा म्हणून आत्यानं खिडक्यांना काळे पडदे लावले होते. दार ओढून घेतलं तशी बाहेरची बडबड कापल्यासारखी थांबली. लाकडाचा कुबट वास होता, आणि त्याखाली बामचा. आत्याची बोटं सांध्यांत वाकडी झाली होती. दिवसभर बाम चोळत बसायची. महिनाभर वास टिकतो का? टिकत असेल, असं म्हणून मी बॅटरी लावली.

तपासायचं कसं, हे तिनंच शिकवलेलं. कड उजेडासमोर धरायची. जुन्या काचेच्या कडेला निखाऱ्यासारखी नारिंगी रेघ पेटते. मग तळ बघायचा. वर्षानुवर्षं उचलल्या-ठेवल्याचे ओरखडे सगळ्या दिशांनी जातात. लबाडानं घासलेले एकाच दिशेनं. आणि निकाल मोठ्यानं बोलायचा. चुकला, की ती एखाद्या भांड्यावर नख वाजवायची, टिंग, आणि म्हणायची, "पुन्हा बघ."

काकांची फुलदाणी घेतली. कड मेलेली, ओरखडे एका दिशेचे. "नवी." पुढचं भांडं. "नवं." त्याच्या पुढचं. "नवं."

बावीस-तेविसाव्या वेळी हातात आली घरट्यावर बसलेली कोंबडी. खाली टोपलीसारखा डबा, वर कोंबडीचं झाकण. शिक्का नाही. तळाला जाड हिरवं कापड चिकटवलेलं. मी कंटाळले होते.

"नवी."

टिंग.

माझ्या मागून.

मी बॅटरी फिरवली. फळीवर सगळी भांडी रांगेत, निश्चल. बामचा वास आता माझ्या खांद्यापाशी होता. ताजा. ओला.

"आत्या...?"

टिंग.

भीती वाटली, पण त्याहून मोठा राग आला. स्वतःचाच. शिक्का नाही, शिवाय तळाला कापड लावलंय, म्हणून कड न बघताच निकाल देऊन मोकळी. अगदी काकांसारखी! मी बॅटरी कडेला टेकवली. शेपटीच्या टोकापासून रेघ सरसर पेटत चोचीपर्यंत गेली. मग नखानं ते कापड सोललं. तळावर ओरखडेच ओरखडे. आडवे, उभे, गोल...

"जुनी," मी पुटपुटले.

जवळच कुणीतरी श्वास सोडला. वास विरून गेला.

चार वाजता काकांनी फुलदाणी पुढे केली, मी कोंबडी. वकीलबाईंनी पाकीट फोडलं.

"घरट्यावरची कोंबडी."

"हिला आधीच सांगून ठेवलं असणार!" काका ओरडले.

"पुढे अजून एक ओळ आहे," बाई थांबून म्हणाल्या. "'पोरगी आधी नवी म्हणेल. मग पुन्हा बघेल.'"

तो पहिला निकाल त्या बंद खोलीबाहेर कुणीच ऐकला नव्हता.

मी काकांपुढे हात पसरला. "किल्ल्या." दिल्या त्यांनी, एकेक बोट उलगडत. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा बाबा सगळ्यांसमोर बोलले, "शाब्बास." उशिरा बोलले, पण बोलले. चाळीसही भांडी मी स्वतः टेम्पोत चढवली. आता लोक काच तपासायला माझ्याकडे येतात. काकाही एकदा येऊन गेले. त्यांना मी रांगेत बसवलं.

कोंबडी माझ्या उशाशी असते, मखमलीच्या घडीवर. तिला कुणी हात लावत नाही. ही बघ, धर दिव्याला. तळाचा हा ओरखडा काल नव्हता. हा परवा नव्हता. मखमलीवर काचेला ओरखडा पडत नाही, हे मला कुणी शिकवायला नको. कुणीतरी तिला उचलतंय आणि कुठेतरी दुसरीकडेच टेकवून परत आणून ठेवतंय.

आधी वाटलं, आत्याच असेल. म्हणून रोज सकाळी हुंगून बघते.

बामचा वास एकदाही आलेला नाही.

त्या दिवशी सोलून टाकलेलं ते हिरवं कापड शोधतेय मी. आत्यानं ते उगाच चिकटवलं नव्हतं.