अंधाऱ्या मोरीचा मधला खांब

त्या दुपारी मैनुद्दीन तांबोळी घरातून निघाले ते फक्त चार फोटो काढायला. पिशवीत छोटी हातोडी, तारेचा ब्रश आणि बॅटरी. बायकोचा, रशीदाबाईंचा, डोळा लागला होता, म्हणून त्यांनी दार हलकेच ओढून घेतलं. मग गॅस बंद केला की नाही या शंकेने जिन्यातून परत वर आले. सत्तरी उलटलेला, आयुष्यभर अभियांत्रिकीच्या पोरांना दगडी बांधकाम शिकवलेला, नावापुढे डॉक्टर लावणारा हा माणूस. पण स्वतःच्या डोळ्यांवर त्याचा कधी पुरता भरवसा बसला नाही.

खडकीच्या अलीकडे रुळांखाली एक दगडी पूल होता. दोन कमानी, मधे एक जाड खांब. एका कमानीतून रिक्षा-दुचाक्या जायच्या. दुसरीत चिखल, बाटल्यांच्या काचा आणि मुताचा वास. लोक त्याला अंधारी मोरी म्हणत, कारण भर दुपारीही आतल्या भागात उजेड पोचत नसे. येत्या रविवारी गाड्या थांबवून हा पूल पाडायचा आणि तिथे काँक्रीटची चौकोनी पेटी सरकवायची, असं ठरलं होतं. ठेकेदाराच्या अहवालात एक ओळ होती: पूल स्वातंत्र्यानंतरचा, जपण्याजोगं काही नाही.

या एका ओळीने मैनुद्दीनांची झोप उडाली होती. बाहेरून पूल तसा दिसायचा, खरं आहे. पण थोडं आत गेलं की दगड बदलायचा. रूळ वाढवताना जुन्या पुलाला दोन्ही अंगांनी नवा पूल जोडलेला होता, आणि जुना, पहिल्या लोहमार्गाचा, मधोमध तसाच उभा होता. ओळ लिहिणारा आत गेलाच नव्हता. बुटांना चिखल लागला असता ना.

जुन्या दगडांवर पाथरवटांनी आपापल्या खुणा कोरलेल्या होत्या. कुठे मासा, कुठे दोन रेघा आणि मधे टिंब. अगदी याच खुणा त्यांनी घाटातल्या एका पुलावर पाहिल्या होत्या, आणि त्या पुलाचं साल त्याच्याच दगडात कोरलेलं होतं. आणखी काय पुरावा हवा? त्यांनी ब्रशने खुणा लख्ख घासल्या, फोटो काढले आणि जाता जाता सवयीने हातोडीने खांब वाजवला. भरीव दगड खणखणतो. हा बद्द वाजला.

आणि मग, त्यांचा हात खाली आल्यावर, आतून कुणीतरी वाजवलं.

मैनुद्दीन थबकले. वरून गाडी गेली नव्हती. पुन्हा हळूच ठोकलं. आतून लगेच आलं, आणि या वेळी थांबेना… घाईघाईने, दाराबाहेर ताटकळलेल्या माणसाने वाजवावं तसं. ओल्या चुन्याचा वास एकदम नाकात भरला. घसरत, भिंतीला हात लावत ते उजेडात आले. कान वाजत असतील, त्यांनी स्वतःला सांगितलं. या वयात वाजतात.

दुसऱ्या दिवशी शहराच्या वारसा समितीच्या बैठकीत अध्यक्ष आप्पासाहेबांनी फोटो चष्म्याजवळ नेऊन पाहिले.

"तांबोळी सर, कोरीवकाम छान साधलंय आपल्याला. रविवारपर्यंत वेळ आहे, एखादा शिलालेखही होऊन जाईल."

हशा पिकला. मैनुद्दीनांना क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. तारेच्या ब्रशाने दगडावरची शतकभराची काजळी निघाली होती, आणि खुणा काल कोरल्यासारख्या पांढऱ्याफेक दिसत होत्या. पोरांना ते वर्षानुवर्षं बजावत आले होते की जुना दगड घासायचा नसतो. त्यांनी स्वतःच घासला होता. अंगाचा नुसता भडका उडाला. आपण लबाड ठरलो, आणि न बघता लिहिणारे खरे ठरले. त्यांनी मागणी केली की तुमचा माणूस द्या, त्याच्यासमोर न घासलेला दगड उघडतो. आप्पासाहेबांनी ठेकेदाराचा तरुण इंजिनिअर दिला, शुभंकर; अहवालातली ती ओळ त्याचीच. करमणूक म्हणूनच बहुधा.

शुभंकर वाटेत सांगत होता की सर, पर्सनली घेऊ नका, आप्पासाहेब सगळ्यांशी तसेच बोलतात. मैनुद्दीन झपाझप पुढे चालत होते. मोरीत शिरल्यावर त्यांनी खांबाची एक जागा दाखवली, जिथे चुन्याचे थर चढून दगड झाकला गेला होता. शुभंकरनेच पटाशीने थर उचकटला. आत काळा दगड, आणि दगडावर काळा मासा. पोराचा चेहरा उतरला. सर, माय मिस्टेक, तो म्हणाला, आणि हे आजच कळवतो असंही म्हणाला.

इथेच थांबायला हवं होतं. पण मैनुद्दीनांना अख्खा विजय हवा होता. त्यांनी हातोडी उचलून खांब वाजवला.

आतून वाजलं.

शुभंकरने बॅटरीचा झोत खांबावर रोखला. "सर… आत कुणी आहे?"

"पोकळी आहे."

"पण सर, ते… ते आपल्यानंतर वाजतंय."

"जुन्या खांबात आतला भराव खचतो. पोकळी होते. आवाज फिरतो."

तांत्रिक शब्द मिळाल्यावर शुभंकरला धीर आला. आणि धीर आल्यावर त्याला नोकरी आठवली. पोकळ असेल तर मग सर, जुना असो नाही तर नवा, पाडावाच लागेल, सेफ्टीचा प्रश्न आहे, असं तो पुटपुटला.

मैनुद्दीनांचा तोल गेला. "भरा मग. सिमेंटचं पाणी दाबाने भरा. तळापासून माथ्यापर्यंत एक बोट जागा ठेवू नका. पण पूल पाडायचा नाही, समजलं?"

ते बोलत असताना आतला आवाज थांबला होता. कुणीतरी कान देऊन ऐकत असावं तसा.

रात्री जेवताना त्यांनी हे रशीदाबाईंना सांगितलं, हसत हसत, पोकळीची गंमत म्हणून. त्या हसल्या नाहीत.

"अहो, आतून कुणी दार वाजवलं, आणि तुम्ही कोण आहे हेसुद्धा विचारलं नाही?"

ते चिडले, ताटावरून उठले.

पूल वाचला. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. आप्पासाहेबांनी आधीपासून आपलंही तेच मत होतं असं सांगून टाकलं, आणि सिमेंट भरायच्या दिवशी स्वतः हजर राहून मैनुद्दीनांच्या खांद्यावर शाल घातली. पंप सुरू झाला. त्या घरघरीतही मैनुद्दीनांना ऐकू आलं. आधी खांबाच्या पायथ्याशी. मग गुडघ्याच्या उंचीवर. मग छातीच्या. आत सिमेंट चढत होतं, आणि त्याच्यावर, त्याच्या पुढे पुढे, ते वाजवणं चढत होतं.

पंप थांबवा, एवढं म्हणायचं होतं. त्यांनी तोंड उघडलंही. आप्पासाहेबांनी वळून पाहिलं, ओठाच्या कोपऱ्यात तेच बैठकीतलं हसू, आणि मैनुद्दीनांनी तोंड मिटलं. या माणसासमोर पुन्हा हसं होऊ द्यायचं नव्हतं. आवाज डोक्यावरून वर गेला. माथ्याजवळ खूप वेळ, खूप जोरात चालला. मग पंपच तेवढा ऐकू येत राहिला.

काही दिवसांनी भराव नीट बसला का हे तपासायला खांबाच्या माथ्याजवळ यंत्राने भोक पाडून आतला मनगटाएवढा जाड तुकडा काढला. शुभंकरने तो कुणालाही न दाखवता मैनुद्दीनांच्या घरी आणला. तो खुर्चीवर बसला नाही, चहा नको म्हणाला. रिपोर्टमध्ये काय लिहू, एवढंच विचारत राहिला.

सिमेंट उत्तम घट्ट झालं होतं. फक्त ते माथ्यापर्यंत पोचलं नव्हतं. तुकड्याचं वरचं टोक मोकळं होतं, आणि त्या टोकावर बोटांच्या चार खळ्या होत्या, एका ओळीत. ओल्या सिमेंटवर हात टेकून कुणीतरी स्वतःला वर उचलून घेतलं होतं. वर तर नुसती कमान होती, आणि कमानीवर रूळ.

मैनुद्दीनांनी एका खळीत बोट घालून पाहिलं. मग दुसरं बोट. शेवटी करंगळी.

करंगळीही आत जाईना.