मैनेचे कान

मखमलाबादहून पंचवटीकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्या सकाळी एक घोडी अडून उभी होती, आणि तिच्यापायी मंजुषाचा झेंडू बाजारात उशिरा पोचणार होता.

पाटाचं पाणी फुटून रस्त्यावर आलं होतं. वरून भाद्रपदातली भुरभुर. घोडी त्या पाण्याच्या काठाशी पाय रोवून उभी, आणि तिचा लगाम धरून एक उंच तरुण तिची मनधरणी करत होता. मागे रिक्षावाले हॉर्न बडवत होते. मंजुषानं फुलांच्या क्रेटांनी लादलेली स्कूटी थेट त्याच्या शेजारी नेऊन थांबवली.

"सरका की हो बाजूला!"

"मी केव्हाही सरकेन," तो म्हणाला. "हिला विचारा."

"का? पाण्याला काय झालं?"

"तिला खोली कळत नाही. घोड्याला नाकासमोरचं नीट दिसत नाही, त्यात पाणी चमकतंय. घोटाभर आहे की विहीर आहे, हे तिला कसं समजणार?"

दुसरी कुणी असती तर कपाळाला आठ्या घालून बाजूनं निघून गेली असती. पण मंजुषाची लहानपणापासून एक खोड होती. कुठल्याही गोष्टीत तिला 'का' सापडला की तो सोडवल्याशिवाय तिचा पाय पुढे पडत नसे. शाळेतले गुरुजी दमले होते, वडील खंडेराव तर कधीचेच शरण आले होते.

"मग तुम्ही चालून दाखवा ना तिला."

"मी?" त्यानं आपल्या चकचकीत बुटांकडे पाहिलं. "म्हणजे... हे कालच पॉलिश—"

मंजुषानं चपला काढल्या, सलवार वर खोचली आणि सरळ पाण्यात उतरली. मधोमध जाऊन वळली. पाणी जेमतेम घोट्यापर्यंत आलं होतं.

"ये गं बाई. बघ, काही नाही. ये..."

घोडीचे दोन्ही कान तिच्याकडे वळले. तिनं मान खाली घालून पाण्याचा वास घेतला, एक पाय टाकला, मग दुसरा, आणि मग एकदम अशी उसळून आली की त्या तरुणाचे बूट, पॅन्ट आणि रुबाब, सगळंच चिखलात गेलं. रिक्षावाले खदखदून हसले. मंजुषाही हसली. तोही हसला, आणि हसताना तो बराच बरा दिसतो, हे तिनं नको असताना पाहून ठेवलं.

"हिचं नाव मैना," तो म्हणाला. "माझं ललित. तुमचं?"

"झेंडू घ्यायला आलात की सांगेन."

दुसऱ्या दिवशी तो फूलबाजारात हजर!

"माळा हव्यात. घोड्यांसाठी."

"आज कुठला सण?"

"सण..." तो अडखळला. "सण नाही कुठला. बिघडलं?"

काही बिघडलं नव्हतं. तिनं नाव सांगितलं, वर मूठभर फुलं जास्तीची दिली.

ललित देवळाली कॅम्पात वाढलेला, फौजी बापाचा मुलगा. घोड्यांचं वेड तिथलंच. आता मखमलाबादच्या मळ्यांपलीकडे थोडी जागा घेऊन त्यानं घोडेस्वारी शिकवायला सुरुवात केली होती. मंजुषानं शिकायचं ठरवलं तेव्हा खंडेराव एवढंच म्हणाले, "तुला गाडी येती ना? मंग घोडा कशापायी?"

"का नको?"

खंडेरावांनी हात जोडले. परवानगी मिळाली.

पहिल्या दिवशी ती मोठ्या तोऱ्यात गेली आणि ललितनं तिच्या हातात ठेवला खरारा. "अंग घासा तिचं. मानेपासून मागे. आणि मागून कधी जवळ जायचं नाही. खांद्याकडून यायचं, बोलत बोलत."

"बसायचं कधी?"

"आधी तिला तुम्ही कळा. मग बसा."

मग कित्येक सकाळी खराऱ्यातच गेल्या. मैनेचं अंग घासताना तिच्या कातडीतून ऊब येई, ओल्या गवताचा आणि घामाचा मिळून एक वास येई. ललितनं तिला खूर उचलून त्यातली माती कोरायला शिकवलं. खूर धरताना कधी दोघांचे हात एकावर एक येत... आणि मग दोघंही त्या खुराकडे भलतंच लक्ष देऊन पाहत.

शेवटी खोगीर चढलं. मंजुषानं पोटाखालचा पट्टा, तंग, अगदी करकचून आवळला, डाव्या बाजूनं रिकिबीत पाय टाकला, ऐटीत वर गेली, आणि खोगिरासकट गरकन फिरून घोडीच्या बगलेशी लोंबकळली!

ललितनं तिला झेललं. हसू मात्र त्याला झेपेना.

"अहो, मी नीट आवळला होता!"

"आवळला होता. पण आवळताना ती पोट फुगवते. मग श्वास सोडते, आणि तंग सैल."

"म्हणजे लबाड आहे!"

"लबाड कसली? करकचून बांधून घ्यायला कुणाला आवडतं? थोडं चालवायचं, तिला श्वास सोडू द्यायचा, मग हळूच परत आवळायचं."

तिला ते पटलं. त्याच्या शिकवण्यात ओरडणं नव्हतं हेही पटलं. टाच खाली, पाठ ताठ, नजर लांब... दुडक्या चालीत घोडी उडवते तेव्हा तिच्या तालात उठायचं-बसायचं... हे सगळं तिला हळूहळू जमू लागलं. आणि प्रश्न? ते थांबायचं नाव नाही. उभ्यानं झोपते कशी? नाल ठोकताना दुखत नाही? राग आला हे कसं ओळखायचं?

"कान बघायचे," ललित म्हणाला. "मागे दाबलेले असले तर राग. एक इकडे एक तिकडे, तर विचारात. दोन्ही कान एखाद्याकडे वळले, तर तिचं सगळं ध्यान तिथंच. आत्ता बघा, दोन्ही तुमच्याकडे आहेत."

"आणि तुमचे?"

ललित खाली वाकून रिकीब ठीक करू लागला. रिकीब आधीच ठीक होती.

आणि मग तो फ्लॉवरच्या पाल्याचा दिवस उगवला.

मळ्यातला फ्लॉवर निघाला होता. हिरव्यागार पाल्याचे ढीग पडले होते आणि गाई तो मिटक्या मारत खात होत्या. मंजुषाच्या मनात आलं, मैनेला नको का? ललित त्या दिवशी कॅम्पात आईकडे गेला होता. तिनं गच्च भरलेली पाटी नेली आणि मैनेला आपल्या हातानं भरवली. मैनेनं पाटी चाटूनपुसून साफ केली. मंजुषाचा जीव सुपाएवढा झाला.

दुपारी ती सहज परत डोकावली. मैना पुढच्या पायानं जमीन उकरत होती. मान वळवून आपल्याच पोटाकडे पाहत होती. मग मागचा पाय उचलून तिनं पोटावर लाथ मारली, खाली बसली आणि लोळायला लागली. कान दोन्हीकडे गळलेले.

मंजुषानं ललितला फोन लावला.

"काय खाल्लंय तिनं?" ललितनं विचारलं.

माहीत नाही, असं म्हणता आलं असतं. कुणाला कळलंही नसतं.

"फ्लॉवरचा पाला. मी घातला. पाटीभर."

पलीकडे गाडीची किल्ली खुळखुळली.

"तिला लोळू देऊ नकोस, मंजू. उठव, चालव. मी डॉक्टरांना कळवतो, मी निघालोच."

मंजू. आणि 'अहो-जाहो' कुठल्या कुठे गेलं होतं. एरवी तेवढ्यावर तिचा आठवडा निघाला असता, आत्ता तिला रडायलाही सवड नव्हती.

जनावरांच्या डॉक्टर उज्ज्वलाताई आल्या, त्यांनी इंजेक्शन दिलं, नाकातून नळी घालून तेल सोडलं, पोटाला स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकलं. त्यांचा चेहरा काही मोकळा झाला नाही.

"आमच्या गाई तर रोज खातात हो..." मंजुषा पुटपुटली.

"गाय रवंथ करते, ढेकर देते. घोड्याला ढेकर नाही, उलटी नाही. आतला वायू कोंडतो. थोडं थोडं चालवा, खायला काही देऊ नका. लीद पडली तर आपण जिंकलो. अंधार पडेपर्यंत नाही पडली तर..." त्यांनी वाक्य तसंच सोडलं आणि बॅग आवरायला घेतली. "पडली की लगेच फोन करा."

ललित आला. एका बाजूला तो, एका बाजूला ती, मध्ये मान टाकून चालणारी मैना. पेरूच्या झाडापर्यंत जायचं, परत यायचं. त्याची नजर मैनेवरून हलत नव्हती.

"रागवा ना माझ्यावर," ती शेवटी म्हणाली.

"खुराकाचं मी शिकवायला हवं होतं. ते राहिलं, माझंच चुकलं." मग तो हळूच म्हणाला, "पण नवल वाटतं. जगातलं सगळं विचारलंस... हे एकच नाही विचारलंस."

तो रागावला असता तर बरं, असं तिला झालं. खरंच होतं ते. जिथं आपल्याला सगळं ठाऊक आहे अशी खात्री होती, तिथंच तिनं 'का' विचारला नव्हता.

ऊन उतरलं. गंगापूरच्या बाजूला आभाळ तांबूस व्हायला लागलं. मंजुषानं मैनेच्या कुशीला कान लावला. काही नाही. परत पेरूपर्यंत. परत कान लावला... आणि आत कुठंतरी लांबवर गुडगुड झाली!

"ललित! ऐका! इकडे या!"

त्यानंही कान लावला. दोघांचे चेहरे समोरासमोर, मध्ये मैनेचं ऊबदार पोट. दोघंही श्वास रोखून. तेवढ्यात मैनेनं शेपूट उचललं, आणि...

लिदीकडे इतक्या प्रेमानं आजवर कुणी पाहिलं नसेल. मंजुषा हसत होती की रडत होती कोण जाणे, ललितनं तिचे दोन्ही हात घट्ट धरले होते आणि दोघं लहान पोरांसारखी उड्या मारत होती. मग दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. हात सुटले. ललितनं डॉक्टरांना फोन लावला, मंजुषानं पाटी उचलली आणि घर गाठलं.

त्यानंतर ती गेली नाही.

तोंड दाखवायची लाज वाटत होती. मैना आपल्याला पाहून कान मागे दाबेल, ही भीती तर त्याहून मोठी होती. ललितचे फोन तिनं उचलले नाहीत. ती मुकाट्यानं फुलं तोडायची, बाजार करायची, जेवायची.

"घरात कोण काय इचारतच नाय," खंडेराव म्हणाले. "पोरीला बरं नाय का?"

दसऱ्याच्या सकाळी मळ्यात झेंडू नुसता पेटला होता. मंजुषा क्रेट भरत होती, एवढ्यात पाटापलीकडे टापा वाजल्या. मैनेवर बसून ललित येत होता. पाटाचं पाणी इथंही वाटेवर पसरलं होतं, आणि मैना काठाशी थांबली.

ललित खाली उतरला. त्यानं बूट काढले, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाण्यात उतरला. मधोमध जाऊन वळला. मैना त्याच्या मागोमाग गुमान आली.

"झेंडू हवाय," तो जवळ येऊन म्हणाला. "आज खरंच सण आहे."

मंजुषानं मान वर केली नाही.

"आली का नाहीस?"

"तिला मी नको असेन."

"तिचे कान बघ."

तिनं पाहिलं. मैनेचे दोन्ही कान पुढे, थेट तिच्याकडे. नाक फुरफुरत तिनं मंजुषाच्या खांद्यावर मान टेकवली. मंजुषानं तिच्या मानेवरून हात फिरवला.

"विसरली वाटतं ही सगळं..."

"विसरली नाही. तू शेवटपर्यंत बाजूनं चालत होतीस, ते लक्षात आहे तिच्या."

"आणि तुमच्या?"

ललितनं खिशातून आपट्याची पानं काढली. हातातच धरून ठेवली.

"माणसाचे कान वळत नाहीत, मंजू. नाहीतर... माझे कुठं वळलेत ते तुला त्या डबक्यापाशीच दिसलं असतं."

ते वळले नव्हते खरे, पण लालबुंद मात्र झाले होते. मंजुषानं ते डोळे भरून पाहिलं, आणि कितीतरी दिवसांनी तिच्या तोंडून निघालं—

"का?"

"का म्हणजे?"

"मीच का?"

"आधी स्वतः पाण्यात उतरून मग दुसऱ्याला बोलावणारं माणूस मला दुसरं भेटलं नाही." त्यानं पानं पुढे केली. "सोनं घे."

तिनं सोनं घेतलं. हात मात्र त्याच्या हातातच राहू दिला.

"मला एक विचारायचंय."

"विचार की."

"हिला काय काय चालत नाही, ते सगळं सांगा. आणि तुम्हाला काय चालत नाही, तेही आत्ताच सांगून ठेवा. या वेळी आधी विचारतेय."

ललित हसला.

"हिला कोबी, फ्लॉवर, बुरशी आलेला चारा. आणि मला..." तो थांबला, "मला कारलं. आणि तू नसलेली सकाळ."

बांधावरून खंडेरावांनी हाक मारली, "कोन आलंय गं?"

"दादा, या इकडे," मंजुषानं ओरडून सांगितलं, "तुम्हालाच काहीतरी विचारायचंय!"