नेल्डाची जोडचाकी गाडी

नेल्डा ब्लाझेकची मागणी ऐकून मेकॅनिक एर्विन क्युबेनाने टोपी काढली, डोकं खाजवलं आणि टोपी पुन्हा घातली. मोल्टन गावात याचा अर्थ एकच: बाई, तुझं डोकं फिरलंय.

"तुझ्या सबर्बन गाडीला मागे जोडचाकं? ट्रकसारखी दोन-दोन? अगं, सरळ मोठा पिकअप घे की!"

"आणि पाच नाती कुठे बसवू? घोड्यांच्या मांडीवर?"

मुद्दा बिनतोड होता. नेल्डाच्या पाच नाती पिंपांभोवती घोडे पळवायच्या शर्यतीत उतरत. शनिवार आला की पाच पोरी, तीन घोडे आणि साठीतली आजी टेक्सासभर भटकायला निघत. मागच्या वसंतात हमरस्त्यावर घोड्यांचा ट्रेलर असा काही झुलायला लागला की त्याने ओढणाऱ्या गाडीचंच ढुंगण या कडेचं त्या कडेला नेलं. थोडक्यात निभावलं. पण नेल्डा सांगताना अजून हात चोळत होती.

"धाकटी टेसी पाठीमागून ओरडत होती, एर्विन. तो आवाज अजून कानात आहे. मला बूड घट्ट असलेली गाडी करून दे. तुझ्याशिवाय कुणाच्या हाताचा मला भरवसा नाही."

एवढं म्हटल्यावर नाही म्हणायची टाप होती कुणाची?

जोडचाकांसाठी मागचा अख्खा आस, म्हणजे अ‍ॅक्सल, लागतो. तो एर्विनला भंगारवाल्याच्या आवारात मिळाला. एका नंबर नसलेल्या पिकअपखाली तो अकरा वर्षं पडून होता. आजूबाजूला कमरेएवढं गवत. एर्विनने सहज म्हणून चाक हाताने फिरवलं. ते फिरायला लागलं. त्याने खिशातून तंबाखूची डबी काढली, चिमूट ओठाखाली सारली, डबी मिटून खिशात टाकली, तरी ते फिरतच होतं. कसलाही आवाज नव्हता.

आसाचं झाकण उघडलं तर आतलं तेल मधासारखं नितळ. प्रत्येक नटावर पिवळ्या रंगाची बारीक रेघ होती, नट जरा सरकला तरी कळावं म्हणून. एर्विन चाळीस वर्षं अशाच रेघा मारत आला होता. पण देवाशपथ सांगायचं तर त्याची एकही रेघ इतकी सरळ आली नव्हती.

"कोण होता रे हा पठ्ठ्या?" त्याने विचारलं.

भंगारवाल्याने खांदे उडवले. "आवार मी घेतलं तेव्हापासून आहे ते."

काम सुरू झालं. जुना आस उतरला, नवा बसला, आणि असा बसला की जणू तिथलाच. मग प्रश्न आला बाहेर आलेल्या चाकांवरच्या पंखांचा, म्हणजे मडगार्डांचा. त्यासाठी गाडीचा पत्रा गोलाईत कापायचा. एर्विनने पुठ्ठ्याचा नमुना उद्या कापू म्हणून भिंतीला टेकवला आणि घरी गेला.

सकाळी येऊन बघतो तर पत्र्यावर दोन्ही बाजूंना खडूच्या कमानी काढलेल्या. त्याने मापं घेतली. पुन्हा घेतली. चष्मा पुसून तिसऱ्यांदा घेतली. केसाचाही फरक नव्हता.

"काल जाताना तूच काढल्या असशील," त्याची बायको जॉर्जी म्हणाली. "परवा चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधत होतास, विसरलास?"

तेही खरंच. त्याने त्याच रेघांवर पत्रा कापला. पंख तिथे चपखल बसले. भिंतीला टेकवलेला पुठ्ठा मात्र अजून अखंडच होता.

दोन दिवसांनी चार बोल्ट त्याने नुसते हाताने फिरवून ठेवले होते. सकाळी ते पक्के आवळलेले. पाना फडक्यावर आडवा ठेवलेला, पुसून लख्ख. एर्विनने जन्मात कधी पाना पुसला नव्हता. त्याने तो उचलला. मूठ कोमट लागली.

घाबरायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर त्याला हेवाच वाटला. काय हात होता हा! असा गडी जोडीला असता तर अख्ख्या परगण्याच्या गाड्या दारात उभ्या राहिल्या असत्या. त्या संध्याकाळी जाताना त्याने बाकड्यावर जर्दाळूचं एक कोलाच, त्यांच्याकडचा गोड पाव, ठेवलं. त्याला माशा लागल्या, खाल्लं कुणीच नाही. जॉर्जीने पाव फुकट घालवला म्हणून वर चार शब्द ऐकवले.

शनिवारी गाडी तयार झाली. गॅरेजपुढे निम्मं गाव जमलं. पुढून ती सबर्बनच, पण मागे रुंद, भक्कम, चार चाकं जमिनीत पाय रोवून उभी. नेल्डा तिच्याभोवती दोनदा फिरली आणि तिने एर्विनचा गालगुच्चाच घेतला. जॉर्जी तिकडून ओरडली, "पुरे गं!" सगळे हसले.

एर्विन घाईत होता. दुसऱ्या दिवशी चर्चची सहल होती आणि मटणाच्या रश्श्याची मोठी पातेली त्याच्याच अंगावर. कांदे सोलायला माणसं खोळंबली होती. त्याने किल्ली दिली आणि पळाला.

रस्सा उत्तम झाला. सोमवारी सकाळी खुद्द पाद्रीबाबा रश्श्याची तारीफ करत टायर बदलायला आले. गाडी जॅकवर चढवून एर्विन सवयीने म्हणाला, "शंभर मैल झाले की नट पुन्हा आवळायला या हं, फादर."

आणि तो फोनकडे धावला.

नवी बसवलेली चाकं धावताना बसतात आणि नट सैल पडतात. जोडचाकांचे तर हमखास. म्हणून शंभर मैलांनी ते पुन्हा आवळायचे असतात. नाही आवळले तर एकामागून एक सुटतात आणि चाक निघून जातं. चाळीस वर्षांत हे वाक्य त्याने प्रत्येकाला ऐकवलं होतं. नेल्डाला ऐकवलं नव्हतं.

ती रविवारी पहाटेच निघाली होती. साडेसहाशे मैलांवर क्लाउडक्रॉफ्टच्या डोंगरात तिचा भाऊ राहायचा, तिथे मुक्काम. आज खाली अलामोगोर्डोला शर्यत. सोळा मैलांत चार हजार फुटांचा उतार, मागे तीन घोडे, आत पाच पोरी.

त्याने फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. डोंगरात कुठला आलाय फोन! जॉर्जी जपमाळ घेऊन बसली. पाद्रीबाबांनी काही न विचारता तिच्याशेजारी खुर्ची ओढली.

"माझ्यामुळे मरतील त्या," एर्विन म्हणाला. "रश्श्यापायी."

पंधराव्यांदा घंटी वाजली.

"नेल्डा! कुठे आहेस?"

"भावाच्या दारात. घोडे चढवतेय. काय रे?"

"गाडी हलवू नकोस! मागचे नट—"

"हो, तेच चाललंय ना."

"कोण करतंय?"

नेल्डा हसली. "ऊन लागलं का तुला? रात्रभर गाडी हाकत आलास, धड 'कशी आहेस' म्हटलं नाहीस, थेट चाकाशी जाऊन आडवा पडलास. आणि आता तिथून फोन? उठून बोल की!"

एर्विनने फोन कानाशी घट्ट धरला.

फोनमधून आवाज आला. टक्. ठरलेला ताण भरला की पाना देतो तो. टक्. मध्ये सारखंच अंतर. टक्. एर्विन मोजत राहिला. घाई नव्हती, दमणूक नव्हती. सोळा झाले आणि आवाज थांबला.

"उठतोय बघ," नेल्डा म्हणाली. मग तिचा आवाज खाली आला. "एर्विन. तुझ्या हातात फोन नाहीये."

"नसणारच."

"मग हा कोण आहे?"

एर्विनने डोळे मिटले. सरळ रेघा आठवल्या, खडूच्या कमानी आठवल्या.

"माझ्यापेक्षा चांगला मेकॅनिक," तो म्हणाला. "नेल्डा, मी आवळले असते तर मी म्हटलं असतं पुन्हा तपास. त्याने आवळलेत ना? मग बिनघोर उतर."

फोन तुटला.

तास गेला. जॉर्जीची माळ दुसऱ्यांदा फिरून झाली.

मग नेल्डाचा फोन आला. मागे पोरींचा गलका. सगळे सुखरूप उतरले होते. ट्रेलर तसूभर हलला नव्हता. टेसी तर अख्खा घाट झोपूनच आली.

जॉर्जी रडायला लागली. पाद्रीबाबांनी क्रूसाची खूण केली.

"तो गेला का?" एर्विनने हळूच विचारलं.

"पोरींना बसवेपर्यंत गेला. जाताना हात केला." नेल्डा थांबली. "चेहरा तुझाच रे. पण डाव्या हाताला तीनच बोटं होती. जखम जुनी, भरून आलेली."

एर्विनने फोन ठेवला आणि नेहमी पाना चालवणारा डावा हात पुढे धरला. पाच बोटं होती. वंगणाने काळी झालेली, धडधाकट.

"एर्विन, बेटा," पाद्रीबाबा संकोचून म्हणाले, "माझी गाडी अजून जॅकवरच आहे."

"आलोच, फादर."

तो गाडीपाशी गेला, गुडघ्यांवर बसला आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्याने पाना उजव्या हातात धरला.