गाडीचा मानकरी

“या बायका तिसऱ्या दिवशी आडव्या होणार!”

अनोळखी माणसाच्या मांडीवरच्या नकाशात डोकावून असं कुणी बोलत नाही. पण सुलेमा तिकोनाच्या जिभेला हाड नव्हतं, आणि एल आल्तोहून खाली ला पासकडे निघालेल्या केबलकारच्या त्या डब्यात दोघंच होते. ती, आणि समोरच्या बाकावरचा एक उंच, सावळा तरुण. त्याच्या मांडीवर अख्खा बोलिव्हिया पसरलेला. वर कोपऱ्यात ‘पाच मावश्या’ असं लिहिलेलं, आणि तारिहापासून निघालेली एक लाल रेघ पहिल्याच उडीत पोतोसीवर चढून बसलेली. सुलेमाचं पोट लोकांच्या सहली आखण्यावर चालायचं. ती रेघ बघून तिला राहवलं नाही.

तरुणाने मान वर केली. अगदी सावकाश.

“का बरं आडव्या होतील?”

“अहो, तारिहा कुठे, पोतोसी कुठे! जन्मभर द्राक्षांच्या मळ्यात राहिलेल्या बायका तुम्ही एका रात्रीत ढगात नेऊन बसवणार. डोकी धरून बसतील, ओकतील आणि तुमच्या नावाने खडे फोडतील.”

“ते त्या तसेही फोडतात,” तो म्हणाला. “पण तुम्हाला कसं कळलं, त्या तारिहाच्या आहेत?”

“तुमच्या बोलण्यावरून! तुम्ही तारिहाची माणसं ‘नमस्कार’ म्हणून होईपर्यंत आमची बस ओरुरोला पोचते.”

तो हसला. हसणंसुद्धा निवांत, डोळ्यांतून सुरू होऊन हळूहळू ओठांवर येणारं. “आणि तुम्ही ला पासची माणसं एवढी घाईत… पण इथे एवढ्या उंचीवर साधा बटाटा उकडायला आमच्या दुप्पट वेळ लागतो. मग घाई करून जाता कुठे?”

सुलेमाने उत्तर द्यायला तोंड उघडलं. तेवढ्यात आभाळ कडाडलं, टपोऱ्या गारा काचांवर ताडताड वाजायला लागल्या आणि डबा एक झोका घेऊन अधांतरीच थांबला. विजा चमकल्या की तो थांबतोच. खाली विटांची लाल घरं, वर काळं आभाळ, आणि मधे ही दोघं.

त्याने लाल पेन्सिल तिच्यापुढे धरली.

मग काय! सुलेमा उठून त्याच्या बाकावर जाऊन बसली. “हे बघा. आधी विमानाने सुक्रे. दोन दिवस नुसतं फिरायचं, चॉकलेट खायचं. मग पोतोसी. मग उयुनीचं मिठाचं मैदान. तिथून इकडे, ला पासला. आणि शेवटी तळ्याकाठी कोपाकाबाना, मेरीमातेच्या पायाशी. चढ कसा हळूहळू चढायचा असतो.”

“सगळ्याच बाबतीत?”

“म्हणजे?”

“नाही… सहलीबद्दलच विचारत होतो.”

काचेवर गारा वाजत होत्या म्हणून बरं, नाहीतर सुलेमाच्या छातीतली धडधड त्याला नक्की ऐकू गेली असती.

त्याचं नाव आदालिद. तारिहाच्या एका मळ्याची वाइन तो ला पासच्या हॉटेलांना विकायचा. पाच मावश्यांनी मिळून त्याला वाढवलं होतं, आणि ईस्टर झाला की त्यांना सगळा देश दाखवायचा असं त्याने कबूल केलं होतं. केबलकार सुरू होईपर्यंत सुलेमाने त्याला आपल्या सोपोकाचीतल्या ऑफिसचा पत्ता दिला. धंदा म्हणून हो, दुसरं काय!

आणि मग तो यायला लागला.

आठवड्यातून एकदा येणारा दोनदा यायला लागला. सकाळी, हातात गरम साल्तेन्यांची, म्हणजे रसाळ सारणाच्या करंज्यांची, पुडी घेऊन. “थोरली मावशी म्हणते, पोतोसी नको, थंडी वाजते.” दोन दिवसांनी, “धाकटी म्हणते, पोतोसी हवंच.” मग मधलीला कोचाबांबा हवं झालं, कारण जेवायला तिथेच जावं असं कुणीतरी तिच्या डोक्यात भरवलं होतं. सुलेमा नकाशा पुसायची, पुन्हा काढायची, मावश्यांच्या नावाने बोटं मोडायची आणि मनातून म्हणायची, भांडा गं बायांनो, अजून भांडा.

साल्तेन्या खाताना आतला रस सांडू द्यायचा नाही, हे ला पासचं शेंबडं पोरही जाणतं. कोपरा चावायचा, रस आधी ओढून घ्यायचा. आदालिद दर वेळी हनुवटीवर रस सांडायचा.

“अहो, किती दिवस शिकवायचं तुम्हाला?”

“अजून थोडे दिवस लागतील,” तो शांतपणे म्हणायचा. सुलेमा कागदी रुमाल पुढे करायची, आणि रुमाल घेताना त्याची बोटं तिच्या बोटांवर जराशी… अगदी जराशीच रेंगाळायची. एवढ्यावर तिचा सगळा दिवस गोड जायचा.

पण बोलेल तर शपथ! नजरेने सगळं बोलायचा, तोंडाने पोतोसीच काढायचा. आणि सुलेमा, जिने अनोळखी माणसाच्या मावश्यांना पहिल्याच वाक्यात आडवं केलं होतं, ती या बाबतीत मुकी झाली होती. आपणच बोललो आणि तो नुसता भला माणूस निघाला तर? मग तो कशाला परत येईल?

शेवटी एका सकाळी सहल पक्की झाली. आता खोडायला काही उरलं नव्हतं. आदालिदने नकाशाची घडी घातली. उलगडली. पुन्हा घातली.

“मग… झालं की सगळं.”

“झालं,” सुलेमा म्हणाली.

“आता मी… येण्याचं काही कारण…”

तो दाराशी पोचला आणि सुलेमाच्या तोंडचं पाणी पळालं. याला थांबवायचं होतं. काहीतरी बांधून ठेवायचं होतं. आणि घाईघाईत तिच्या तोंडून निघालं, “आमच्या नव्या गाडीचे मानकरी व्हाल का?”

तो थबकला.

“आई व्हॅन घेतेय. म्हणजे आमच्यासाठी नवी, तशी दोन धनी बघून आलेली. रविवारी कोपाकाबानाला देवळापुढे नेऊन आशीर्वाद घ्यायचाय. मानकरी नाही ठरला अजून. तुम्ही… बाटली फोडायला…”

आदालिद तिच्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग हळूच म्हणाला, “तुमची तशी इच्छा असेल तर… बरं.”

तो गेला. सुलेमाने स्वतःचीच पाठ थोपटली. सुटला नाही मासा!

संध्याकाळी तिने आईला सांगितलं. तिची आई, दोन्या फेलिसा, म्हणजे फेलिसाबाई, जांभळ्या मक्याच्या गरमागरम आपीचा घोट घेत होती. घोट तसाच राहिला. गोल हॅट सरळ करून तिने लेकीकडे बघितलं.

“कुणाला? त्या वाइनवाल्याला? ज्याचं नाव घेताना तुझे कान लाल होतात त्याला?”

“हो… का गं?”

“अगं बये, येडी का खुळी तू! मानकरी केलास म्हणजे कंपाद्रे झाला की तो आपला!”

सुलेमाच्या हातातली आपीबरोबरची वडी खाली पडली.

कंपाद्रे! देवासमोर जोडलेलं नातं, सख्ख्या भावाहून सख्खं. कंपाद्रेच्या घरी हक्काने जेवावं, भांडणात त्याची बाजू घ्यावी, त्याच्या मयताला पुढे व्हावं. पण तसल्या नजरेने त्याच्याकडे बघायचं नाही. बघितलं तर गारा पडून शेतं झोपतात, असं एल आल्तोतली एकूण एक म्हातारी सांगते. हे सुलेमाला ठाऊक नव्हतं थोडंच! पण त्या क्षणी तो दाराबाहेर पाऊल टाकत होता, आणि डोक्याने दगा दिला.

“त्याला कळलंच असेल,” आई म्हणाली. “आमच्या वेळी पोरीला पोरगा नको असला की ती असंच करायची. कंपाद्रे करून टाकायची. ना भांडण, ना तंटा.”

म्हणून तो तसा बघत होता! म्हणून ते ‘तुमची तशी इच्छा असेल तर’! आपण त्याला बांधायला गेलो आणि गोड शब्दांत हाकलून दिलं. सुलेमाला धाय मोकलून रडावंसं वाटलं. आता ‘नको’ म्हणावं, तर मानकऱ्याला बोलावून परत पाठवण्याएवढा अपमान दुसरा नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

आणि दैवाची चेष्टा बघा. शनिवारी तिने थोरल्या मावशीला, नेल्फीला, तारिहाला फोन लावला. कुणाला ब्लडप्रेशर आहे का, एवढंच विचारायचं होतं.

“मला आहे थोडं. पण पोरी, सहल फार छान आखलीस हो! आम्ही पाचही जणींनी पहिल्याच आठवड्यात मान डोलावली.”

“पहिल्या… आठवड्यात? आणि पोतोसीवरून भांडण? कोचाबांबा?”

“भांडण कसलं गं?” मावशी चक्रावली. मग तिने ते बाकीच्यांना सांगितलं, आणि पाच बायका एकदम खिदळल्याचा आवाज आला. “अग्गो बाई! म्हणजे हा रोज आमच्या नावाने…!”

सुलेमाने फोन ठेवला आणि डोकं टेबलावर टेकलं. हसू येत होतं, आणि डोळ्यांतून पाणी थांबत नव्हतं.

रविवारी तिघं निघाले. टिकिनाला तळं ओलांडायला व्हॅन एकटी लाकडी तराफ्यावर चढली आणि माणसं लाँचमधे. तळं निळंशार, वारा बोचरा. आदालिद इस्त्रीच्या सदऱ्यात, मांडीवर बाटली घेऊन बसला होता. आपल्या मळ्यातली सगळ्यात चांगली बाटली आणली होती त्याने. वेड्या माणसा, सुलेमाला वाटलं, तुला नकार द्यायला बोलावलं असं समजूनही तू चांगली बाटली घेऊन आलास?

“आदालिद…”

“हं?”

दोघांच्या मधे दोन्या फेलिसा आपल्या रुंद घागऱ्यासकट बसली होती आणि मुद्दाम पाण्याकडे बघत होती.

“काही नाही. थंडी आहे.”

“आहे,” तो म्हणाला, आणि त्याने आपला मफलर काढून दोन्या फेलिसाच्या हातून तिच्याकडे पोचवला.

कोपाकाबानाच्या देवळापुढे गाड्यांची ही रांग! ग्लॅडिओलाच्या माळा, कागदी झिरमिळ्या, टपांवर फुलांच्या टोप्या. फटाके फुटत होते, बिअरचा फेस उडत होता. पाद्रीबाबा बादलीत फुलांचा झुबका बुडवून एकेका इंजिनावर पाणी शिंपडत येत होते. व्हॅनपाशी आले. इंजिन भिजलं, स्टिअरिंग भिजलं, दोन्या फेलिसाची हॅट भिजली.

“मानकरी कोण?” त्यांनी विचारलं.

आदालिद पुढे झाला. त्याने बाटली उचलली.

“थांबा!” सुलेमा ओरडली. “हा नको!”

आदालिदचा चेहरा पांढराफटक पडला. आईने कपाळाला हात लावला. आजूबाजूच्या माना वळल्या.

“हा नको म्हणजे… हा हवाय. मला हा हवाय, म्हणून हा नको.”

“मुली,” पाद्रीबाबा म्हणाले, “एकदा काय ते ठरव. मागे रांग आहे.”

सुलेमाने डोळे मिटून घेतले. फटाक्यांचा आवाज एवढा होता की ओरडल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. “हा मानकरी झाला तर माझा कंपाद्रे होईल! आणि मला कंपाद्रे नकोय, माझं याच्यावर प्रेम आहे!”

फटाके नेमके ‘माझं’पाशी संपले. उरलेलं सगळ्या चौकाने ऐकलं.

आता सगळे आदालिदकडे बघायला लागले. त्याने बाटली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. तोंड उघडलं. मिटलं. मागच्या टॅक्सीवाल्याने हॉर्न मारला. “अरे बोल की बाबा! इथे पेट्रोल जळतंय!”

“तारिहाचा दिसतोय,” कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला.

आदालिद हसला नाही. तो फक्त सुलेमाकडे बघत होता.

“मी आज मानकरी व्हायला नाहीच म्हणणार होतो,” तो म्हणाला. “आधी वाटलं, कंपाद्रे तर कंपाद्रे, निदान हिच्या दारात यायला तरी मिळेल. सणावाराला चहा मिळेल. ही दुसऱ्या कुणाशी लग्न करेल, त्या लग्नातही मला बोलावणं येईल. पण मघाशी गाडीला माळ बांधताना कळलं, ते मला झेपणार नाही. तुझ्या दारात येऊन दर वेळी परत जाणं… नाही झेपायचं, सुलेमा. तेव्हापासून नकाराचं वाक्य जुळवतोय, कुणाचा अपमान होणार नाही असं. अजून जुळलं नव्हतं.”

‘तू’ म्हणाला होता तो. पहिल्यांदाच.

सुलेमाचे डोळे भरून वाहत होते, आणि पुसायला रुमाल नव्हता म्हणून तिने त्याचाच मफलर वापरला.

दोन्या फेलिसाने एकवार लेकीकडे बघितलं, एकवार त्याच्याकडे. मग सरळ जाऊन आदालिदच्या हातातून बाटली काढून घेतली आणि मागच्या टॅक्सीवाल्याच्या हातात कोंबली. “तुला घाई आहे ना? तूच हो आमचा मानकरी. नाव काय तुझं?”

“रुफिनो, दोन्या,” तो बिचारा हॅट काढत म्हणाला. मान मिळाल्यावर त्याची घाई कुठल्या कुठे गेली. त्याने चांगलं लांबलचक भाषण केलं, गाडीला सुखरूप प्रवास चिंतला, आणि बाटली अशी फोडली की सगळ्यांच्या बुटांवर लाल शिंतोडे उडाले.

“आणि तू,” दोन्या फेलिसा आदालिदकडे वळली, “गाडीपुढून बाजूला हो. तिच्या शेजारी जाऊन उभा राहा. तुला काय म्हणून हाक मारायची ते मी जेवताना ठरवीन.”

आदालिद येऊन सुलेमाच्या शेजारी उभा राहिला. त्याच्या केसांत फुलांच्या पाकळ्या अडकल्या होत्या. त्याचा हात तिच्या हाताकडे यायला लागला, सावकाश, अगदी सावकाश… सुलेमाने वाट बघितली नाही. तिने तो धरला.