डावीकडचा आतला टायर

जयंत पारसनीस त्या रात्री फक्त एक कागद पोचवायला निघाला होता. मालाची बिल्टी. कुठला माल, कुणाचा, कुठे चाललाय, हे लिहिलेला कागद, जो ट्रकबरोबर असावाच लागतो. ट्रक पुढे निघून गेला आणि बिल्टी नोएडाच्या ऑफिसात टेबलावरच राहिली. बस, एवढंच काम.

अवनी, बाल्कनीचं दार लोट, धुकं आत येतंय. आणि मानस, तू तो मोबाइल उलटा ठेव. मघाशी जेवताना तू कौतुकानं सांगितलंस ना, तुमच्या कंपनीनं ट्रकच्या टायरांची तपासणी आठवड्यावरून दोन महिन्यांवर नेली, आणि त्या कागदावर तुझी सही आहे म्हणून? मी तेव्हा गप्प बसलो. तुझी काकू समोर होती. आता ऐक. जयंत दिल्लीतच आर. के. पुरमला, सरकारी क्वार्टर्समध्ये, आमच्याच ब्लॉकमध्ये वाढलेला, माझा मित्र. त्यानं मला जे सांगितलं तेच सांगतो. आणि शेवटचं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय.

तारीख सतरा डिसेंबर एकोणीसशे शहाण्णव. मंगळवार.

जयंतनं त्र्याण्णवला सरकारी नोकरी सोडली. तेव्हा वारंच तसं होतं. बाजार उघडला होता, नोएडात रोज नवा कारखाना उभा राहत होता आणि आम्ही फायली सरकवणारे सगळ्यांना मूर्ख वाटत होतो. एका ट्रान्सपोर्ट कंपनीत तो माल रवाना करायचं काम बघायला लागला. बावीस ट्रक होते. रंगीत टीव्ही, फ्रिज, कपडे धुवायची मशिनं. मालकाचं नाव मी घेत नाही. त्याची मुलं अजून धंद्यात आहेत, आणि ती बरी आहेत.

तिथे टायरांचा फोरमन होता अंबादास ढगे. नगरकडचा. फौजेच्या वर्कशॉपमधून हवालदार म्हणून निवृत्त झालेला. नाकावर राग. ड्रायव्हर त्याला टरकून असायचे. ट्रक आवारातून बाहेर पडण्याआधी तो लोखंडी सळई घेऊन त्याच्याभोवती एक फेरी मारायचा आणि प्रत्येक टायर ठोकायचा, मागच्या जोडचाकांतला आतला टायरसुद्धा. हवा पुरेशी असली की आवाज येतो टण्ण, सळई हातात उडते. हवा कमी असली की थप्प. गादीवर मारल्यासारखं.

"जयंतराव," तो सांगायचा, "दर सोमवारी सकाळी, टायर गार असताना, हवा मोजायची. ट्रक पळून आल्यावर मोजलेली हवा खोटी असते. दहा हजार किलोमीटर झाले की सगळे टायर काढायचे, आतून हात फिरवून बघायचे, जागा बदलायच्या. चाक बदललं की पन्नास किलोमीटरवर थांबून नट परत आवळायचे. ह्यात सूट नाही. मालकाला नाही, तुम्हाला नाही, मला नाही."

दोघंच मराठी त्या आवारात. दुपारी एकत्र जेवायचे. अंबादासची बायको चंद्रप्रभा जयंतसाठी वेगळी शेंगदाण्याची चटणी द्यायची.

पंच्याण्णवच्या पावसाळ्यानंतर माल इतका वाढला की ट्रक आवारात थांबेचनात. मालकानं फर्मान काढलं. सोमवारची तपासणी बंद. टायर काढून बघायचे ते पंचवीस हजारांवर. अंबादास मालकाच्या केबिनमध्ये घुसला. जयंत तिथेच होता.

"साहब, कम हवा पे चला हुआ टायर अंदर से टूटता है. बाहर से नहीं दिखता. फिर उसमें हवा भरो तो बम है वो, बम!"

मालक म्हणाला, "ढगे, खड़ा हुआ ट्रक मरा हुआ ट्रक है. तू फौज में नहीं है अब."

पण फ्रिजच्या कंपनीची माणसं अधूनमधून तपासणीचं रजिस्टर बघायला यायची. ते कोरं ठेवून चालणार नव्हतं. मग ते कुणी भरलं? जयंतनं. एका दुपारी, एका बैठकीत, चार महिन्यांचे सोमवार. तपासणाऱ्याच्या रकान्यात नाव अंबादास ढगे. हवा बरोबर. टायर बरोबर. पडताळणी, आणि पुढे स्वतःची सही. त्यानंतर दर सोमवारी तेच.

का केलंस, असं मी त्याला विचारलं होतं. म्हणाला, "भाऊसाहेब, सगळेच करत होते यार." मानस, ह्या वाक्याची मला किती चीड आहे, तुला कल्पना नाही.

शहाण्णवच्या ऑक्टोबरात कानपूरहून एक ट्रक परत आला. मागचा एक टायर बसलेला. अंबादास त्यात हवा भरत होता. तो टायर कित्येक दिवस कमी हवेवर पळालाय, हे त्याला कळायला मार्ग नव्हता. त्यानं रजिस्टर पाहिलं. टायर बरोबर. दोन दिवसांपूर्वीचीच नोंद. तो तापानं चार दिवस घरी होता. त्याला वाटलं, नाव सवयीनं आपलं घातलं, पण आपल्यामागे कुणीतरी खरंच तपासलं असेल.

टायर फुटला. टायरला चाकावर धरून ठेवणारी लोखंडी रिंग सुटली आणि त्याच्या छातीवर बसली. हॉस्पिटलपर्यंतही पोचला नाही.

चौकशीला सरकारी माणूस आला. मालकानं रजिस्टर पुढे केलं. सोमवारी ह्याच ढगेनं तपासलं, टायर बरोबर लिहिलं, मग फुटला कसा? जयंतला विचारलं, ही नोंद खरी आहे? तो म्हणाला, हो. कागदावर लिहिलं गेलं, मृताचा निष्काळजीपणा. निष्काळजीपणा! आणि कुणाचा? अंबादासचा!

तेराव्यानंतर चंद्रप्रभा ऑफिसात आली. तिनं रडारड केली नाही. एकच विचारलं.

"भाऊजी, त्या सोमवारी ह्यांना एकशे तीन ताप होता. पांघरुणातून उठवत नव्हतं. मग टायर कुणी तपासले?"

जयंत पुढ्यातल्या बिल्ट्या चाळायला लागला. ती गेली.

आता त्या मंगळवारचं. रात्री साडेदहाला ऑफिसात फोन वाजला. ड्रायव्हर बलबीर, पोचनपूरचा. हो, इथलंच पोचनपूर, आपल्या सोसायटीच्या मागचं. जयपूरला फ्रिज घेऊन निघाला होता, वाटेत घरी जेवायला थांबला, तेव्हा लक्षात आलं की बिल्टी राहिली. गावातल्या पीसीओवरून बोलत होता. जयंतची रात्रपाळी होती. त्यानं कंपनीची मारुती व्हॅन काढली.

आपली ही दिल्लीची द्वारका तेव्हा नावालाच होती. सरळ रुंद रस्ते आणि दोन्हीकडे काही नाही. सोसायट्यांच्या पाट्या रोवलेल्या, अर्धवट खांब, बाभळी. रस्त्यावर दिव्यांचे खांब होते, त्यांना दिवे नव्हते. धुकं असं की व्हॅनच्या काचेपुढे भिंत.

पाऊण वाजता त्याला ट्रकचे पार्किंगचे लाल दिवे दिसले.

त्यानं व्हॅन मागे लावली. बिल्टी घेतली. उतरला. ट्रकच्या उजव्या बाजूनं केबिनकडे चालायला लागला.

टण्ण.

पलीकडच्या बाजूला कुणीतरी टायर ठोकला.

त्याला बरं वाटलं. बलबीर जागा आहे. निघायच्या तयारीत आहे.

"बलबीर, बिल्टी ले आया."

तो पुढे चालत राहिला.

टण्ण. पुढचं चाक. थोडा वेळ गेला. टण्ण. मागचं, बाहेरचं.

तो केबिनपाशी पोचला. वर पाहिलं. काचेला आतून वाफ धरलेली. बलबीर सीटवर आडवा. रजईत. घोरत होता.

थप्प.

मागे. डावीकडे. आतला टायर.

थप्प.

जयंत पुढून वळून डाव्या बाजूला आला. कुणी नव्हतं. धुकं. ओली माती. आवाज थांबला.

"कौन है?"

...

तो मागच्या चाकापाशी गेला. वाकला. दोन टायरांच्या फटीतून आतल्या टायरला हात लावला.

हात झटकन मागे घेतला. टायर तापलेला होता. तव्यासारखा. आणि ट्रक तिथे अडीच तास उभा होता. डिसेंबरच्या रात्री. बाहेरचा टायर बर्फासारखा गार.

थप्प!

त्याच्या डोक्याशेजारी. त्याच टायरवर. दिसत काही नव्हतं. पण टायर हलला. त्यानं पाहिलं, हलला.

थप्प! थप्प! थप्प!

आता ते तपासणं नव्हतं. ते मारणं होतं. जीव खाऊन. अख्खा ट्रक हादरत होता. आत फ्रिज एकमेकांवर आपटत होते. वर बलबीर ओरडत उठला, "कौन ठोक रहा है? कौन है साले?"

जयंतला पळायचं होतं. तो वळला.

आणि मग... अगदी कानाशी...

"सही कुणाची?"

मराठीत. त्या ओसाड माळावर, मध्यरात्री, मराठीत.

जयंतनं ट्रकला पाठ टेकवली.

"जयंतराव... सही कुणाची?"

तो राग, तो म्हणायचा, मला आयुष्यात विसरता येणार नाही. अंबादास रागवायचा ते ओरडून. हे हळू होतं. दात आवळून.

...

"माझी," जयंत म्हणाला. "सगळ्या सह्या माझ्या. तुझं नाव मीच लिहिलं. तू तपासलं नव्हतंस. मला माहीत होतं..."

सगळं थांबलं.

बलबीर खाली उतरला तेव्हा जयंत मातीत बसलेला होता. बलबीरनं विचारलं, "साहब, आप ठोक रहे थे?" जयंतनं मान हलवली, नाही. बलबीरनं चारी बाजूंना टॉर्च मारला. मग टॉर्च बंद केला.

पाच मिनिटांनी तो म्हणाला, "निकलूँ? सात बजे जयपुर पहुँचना है." नोकरी होती त्याची. जयंतनं केबिनमध्ये हात घालून किल्ली काढली आणि खिशात टाकली. "ये ट्रक नहीं जाएगा." दोघं व्हॅनमध्ये बसून राहिले.

सकाळी सहाला जयंत माझ्या दारात. कपडे चिखलानं भरलेले. सगळं सांगितलं, एका दमात, रजिस्टरपासून. खरं सांगतो, मला आधी भीती वाटलीच नाही. मला राग आला. वाटलं, ह्याच्या थोबाडीत द्यावी. इतके दिवस हा माझ्या घरी चहा पीत होता आणि त्या बाईच्या नवऱ्यावर असला कलंक लावून बसला होता. मी बोललोसुद्धा. तो म्हणाला, "मारा भाऊसाहेब. पण आधी माझ्याबरोबर चला."

पालमहून एक पंक्चरवाला घेतला, जॅक घेतला, आणि तिथे गेलो.

पुढचं आधी सांगून टाकतो. तो आतला टायर काढून उघडला तेव्हा आतली दोऱ्यांची वीण तुटून लोंबत होती, पंक्चरवाल्यानं नुसत्या बोटांनी ओढून दाखवली. म्हणाला, हा पन्नास किलोमीटर गेला नसता. त्याच दिवशी जयंतनं चौकशीच्या साहेबांपुढे लेखी दिलं, रजिस्टर खोटं आहे, मी भरलं. नोकरी गेली. त्याच्यावर खटला झाला, मालकावरही झाला. मालक सुटला. सुटणारच. पण अंबादासच्या कागदावरचा निष्काळजीपणा खोडला गेला, आणि तो कागद घेऊन जयंत स्वतः चंद्रप्रभाकडे गेला. तिनं कागद घेतला आणि दार लावून घेतलं. त्याला आत बोलावलं नाही. बरोबरच केलं.

जयंत दोन वर्षांपूर्वी गेला. शेवटपर्यंत त्यानं कुठल्याच कागदावर वाचल्याशिवाय सही केली नाही. गॅसच्या पावतीवरसुद्धा.

हे सगळं मला समजतं, मानस. भास म्हण, अपराधी मन म्हण, तापलेल्या टायरलाही काही कारण शोधून काढशील तू. मला जे आजतागायत समजलेलं नाही ते शेवटी ठेवलंय.

त्या सकाळी पंक्चरवाल्यानं डावीकडचं मागचं चाक खोलायला घेतलं. नट हलेनात. गंजून एकजीव झालेले. पाइप लावून, त्यावर उभं राहून एकेक नट सोडवला. शिव्या घालत होता, "महीनों से किसी ने खोला नहीं है जी." तासाभरानं बाहेरचं चाक सुटलं. त्यानं ते बाजूला लोटलं.

आतला टायर समोर आला. त्याची जी बाजू दोन चाकांच्या मध्ये दडलेली असते, जिथे चाक खोलल्याशिवाय कुणी लिहू शकत नाही, तिथे खडूनं काहीतरी लिहिलेलं होतं. मोठ्या अक्षरांत.

बलबीरनं वाकून वाचलं. मराठी शब्द, त्याला कळेना. माझ्याकडे बघून म्हणाला, "काढ़ा? ये क्या लिखा है साहब? खाँसी-ज़ुकाम वाला काढ़ा?"

मी जयंतकडे पाहिलं. जयंतनं डोळे मिटले होते.

रात्रभराच्या धुक्यानं अख्खा ट्रक निथळत होता. टायरवरून पाणी ओघळत होतं. मी पुढे होऊन अक्षरांवर बोट फिरवलं.

ती कोरडी होती. बोटाला पांढरा खडू लागला.